विश्लेषण : ‘खरे’ आणि ‘खोटे’ यांच्या मधे काय असते? तिसऱ्या उत्तराचा शोध घेणारे यान वुकाशेविच

थेंबे थेंबे तळे साचे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण तळे साचले ते नेमके कितव्या थेंबाला, असे कोणी विचारले तर? एक थेंब म्हणजे तळे नव्हे, हे उघड आहे. जेवढ्या पाण्याला आपण तळे म्हणत नाही, त्यात आणखी एक थेंब टाकल्याने त्याचे तळे होत नाही, हेही पटते. मग याच हिशेबाने एकेक थेंब वाढवत गेलो, तर तळे कधीच साचणार नाही! प्रत्येक पायरी बरोबर आणि शेवटचे उत्तर साफ चुकीचे.

हे कोडे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील ग्रीक तत्त्वज्ञ युबुलिडीस यांच्या नावावर आहे. त्यांच्याकडे तळ्याऐवजी धान्याचा ढीग होता. उंच, म्हातारा, श्रीमंत, टक्कल, मुसळधार... आपल्या रोजच्या बोलण्यातील बहुतेक शब्द असेच धूसर असतात. तर्कशास्त्राचा जुना नियम मात्र सांगतो, की प्रत्येक विधान एक तर खरे असते किंवा खोटे, मधले काही नसते.

या नियमाला बाजूला ठेवून ‘खरे’ आणि ‘खोटे’ यांच्या जोडीला तिसरे मूल्य मांडणारी नीटस पद्धत विसाव्या शतकात उभी केली पोलंडचे यान वुकाशेविच यांनी. गंमत म्हणजे त्यांच्या डोक्यात तळेही नव्हते आणि ढीगही नव्हता. त्यांना चिंता होती उद्याची.

कोण होते वुकाशेविच?

वुकाशेविच यांचा जन्म २१ डिसेंबर १८७८ रोजी ल्वूफ शहरात झाला. आज हे शहर युक्रेनमध्ये आहे आणि ल्विव म्हणून ओळखले जाते. तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. पोलंड नावाचा देशच त्या काळी नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो शंभर वर्षांपूर्वी आपसात वाटून घेतला होता. वडील ऑस्ट्रियाच्या लष्करात कॅप्टन, घर पोलिश.

ल्वूफच्या विद्यापीठात त्यांनी आधी कायद्याला प्रवेश घेतला, पण लवकरच गणित आणि तत्त्वज्ञानाकडे वळले. गुरू मिळाले काझिमेश त्वार्दोव्स्की. स्पष्ट लिहा, स्पष्ट बोला, ही त्वार्दोव्स्कींची शिस्त. पोलंडमधील तर्कशास्त्रज्ञांची एक आख्खी पिढी तिच्यातून तयार झाली. १९०२मध्ये वुकाशेविच यांनी डॉक्टरेट मिळवली ती इतक्या उत्तम गुणांनी, की सम्राट फ्रान्झ जोसेफ यांच्याकडून त्यांना हिऱ्याची अंगठी भेट मिळाली.

निर्दोष आरोपीचे उदाहरण

१९१०मध्ये त्यांनी ॲरिस्टॉटलवर एक पुस्तक लिहिले. विषय होता विसंगतीचा नियम. एकच गोष्ट एकाच वेळी, एकाच अर्थाने आहे आणि नाही, असे असू शकत नाही, हा तो नियम. दोन हजार वर्षे तो इतका उघड मानला गेला, की त्याला कोणी हात लावला नव्हता. वुकाशेविच यांनी ॲरिस्टॉटलने दिलेले युक्तिवाद एकेक करून तपासले आणि निष्कर्ष काढला, की या नियमाची पक्की सिद्धता त्यात सापडत नाही.

मग नियम सोडून द्यायचा का? नाही. त्यांच्या मते त्याची खरी किंमत व्यवहारात आणि नीतीत आहे. चूक आणि खोटेपणा यांच्याविरुद्ध माणसाच्या हातात तेवढेच हत्यार आहे. समजा, एखाद्यावर खुनाचा खोटा आळ आला. खुनाच्या वेळी आपण दुसऱ्या गावी होतो, हे त्याने सिद्ध केले. पण ‘तो तिथे होता’ आणि ‘तो तिथे नव्हता’ ही दोन्ही विधाने एकदम चालणार असतील, तर या पुराव्याने त्याची सुटका कशी होणार?

तर्कशास्त्रातील बंडखोर म्हणून वुकाशेविच यांची ओळख करून दिली जाते तेव्हा हा भाग अनेकदा सुटतो. नियम मोडायचे म्हणून मोडणारे हे गृहस्थ नव्हते. कोणता नियम कशासाठी लागतो, हे विचारणारे होते.

उद्याचे विधान आज खरे असते का?

१९१५मध्ये वुकाशेविच वॉर्साच्या विद्यापीठात आले. पहिले महायुद्ध सुरू होते आणि शहर जर्मनांच्या ताब्यात होते. ७ मार्च १९१८ रोजी त्यांनी तिथे निरोपाचे व्याख्यान दिले, कारण उच्च शिक्षणाचा कारभार पाहण्यासाठी ते प्रशासनात जाणार होते. माणसाच्या सर्जनशीलतेला जखडणाऱ्या सक्तीविरुद्ध आपण लढा पुकारला आहे, असे त्यांनी त्या व्याख्यानात जाहीर केले. ही सक्ती सैन्याची नव्हती, ती तर्कशास्त्राची होती.

प्रश्न ॲरिस्टॉटलनेच मांडून ठेवला होता. उद्या समुद्रावर लढाई होईल, हे विधान आज खरे आहे की खोटे? ते आजच खरे असेल, तर लढाई अटळ आहे. ते आजच खोटे असेल, तर लढाई अशक्य आहे. दोन्ही बाजूंनी सेनापतीने रात्रभर केलेला विचार फुकट जातो, कारण निकाल आधीच लागलेला असतो. म्हणजे प्रत्येक विधान खरे किंवा खोटे असलेच पाहिजे, एवढे मान्य केले की माणसाचे स्वातंत्र्य धोक्यात येते, असे वुकाशेविच यांना वाटत होते.

त्यांचे उत्तर सरळ होते. काही विधाने आज खरीही नसतात आणि खोटीही नसतात. ती फक्त शक्य असतात. १९२०मध्ये एका छोट्या लेखात त्यांनी हे तिसरे मूल्य मांडले. त्याच सुमारास अमेरिकेत एमिल पोस्ट यांनीही स्वतंत्रपणे अनेक मूल्यांचे तर्कशास्त्र रचले, पण त्यांना रस होता गणिती रचनेत.

पुढे १९३०मध्ये लिहिलेल्या निबंधात वुकाशेविच यांनी स्वतःचेच उदाहरण घेतले. पुढच्या वर्षी २१ डिसेंबरला दुपारी आपण वॉर्सात असू की नसू, हे आज कोणत्याच बाजूने ठरलेले नाही, असे ते मांडतात. तारीख त्यांच्या वाढदिवसाची होती.

(हे वाचताना काहींना जैन परंपरेतील स्याद्वाद आठवेल. तुलना अनेकांनी केली आहे, पण वाटा वेगळ्या आहेत. स्याद्वादात विधान कोणत्या दृष्टिकोनातून केले, याला महत्त्व आहे. वुकाशेविच निघाले ते ॲरिस्टॉटलपासून.)

तिसरे मूल्य चालते कसे?

खऱ्याला १, खोट्याला ० आणि मधल्याला अर्धा, असे गुण द्या. विधान नाकारले की गुण उलटतात. १ चा ० होतो, ० चा १ आणि अर्ध्याचा अर्धाच राहतो. दोन विधाने ‘आणि’ने जोडली की दोन्हींतील कमी गुण घ्यायचा. ‘किंवा’ने जोडली की जास्त गुण घ्यायचा.

‘जर-तर’चा नियम जरा हुशारीचा आहे. ‘तर’चा गुण ‘जर’पेक्षा कमी नसेल, तर संपूर्ण विधान १. कमी असेल, तर जेवढी घट, तेवढे १ मधून वजा. त्यामुळे ‘जर लढाई झाली, तर लढाई झाली’ यासारखे विधान अर्ध्या गुणाच्या लढाईलाही पूर्ण खरे राहते.

एकदा दोनाचे तीन केले, की तीनवरच थांबायचे कारण उरत नाही. १९२२पर्यंत वुकाशेविच ० ते १ यांच्या मधल्या सगळ्या मूल्यांपर्यंत पोहोचले होते. आल्फ्रेड तार्स्की यांच्यासोबत १९३०मध्ये त्यांनी त्याची सविस्तर मांडणी प्रसिद्ध केली. तीन मूल्यांच्या तर्कशास्त्राचा मोजक्या गृहीतकांवर उभा पाया त्यांचे शिष्य मोर्दखाय वायसबर्ग यांनी घालून दिला.

मंत्री, कुलगुरू आणि ‘पोलिश नोटेशन’

दरम्यान पोलंड पुन्हा नकाशावर आला होता. १९१९मध्ये प्रसिद्ध पियानोवादक इग्नासी पादेरेव्स्की पंतप्रधान झाले आणि वुकाशेविच त्यांच्या मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री. नव्या देशाची विद्यापीठे उभी करायची होती. नंतर ते वॉर्सा विद्यापीठाचे दोनदा कुलगुरू झाले. त्यांनी आणि स्तानिस्वाव लेश्न्येव्स्की यांनी वॉर्साला तर्कशास्त्राची जगातील एक मोठी पेठ बनवले.

१९२४च्या सुमारास त्यांना आणखी एक कल्पना सुचली. बेरीज-गुणाकाराची चिन्हे मधे लिहिली की कंस लागतात. चिन्ह आधी लिहिले, तर कंसच नकोत. (२ + ३) × ४ हे त्यांच्या पद्धतीत × + २ ३ ४ असे होते. हेच उलटे केले, म्हणजे २ ३ + ४ × असे लिहिले, की कॉम्प्युटरला ते डावीकडून उजवीकडे एका दमात सोडवता येते. आकडा आला की चळतीवर ठेवायचा, चिन्ह आले की वरचे दोन उचलायचे. हीच ती ‘रिव्हर्स पोलिश नोटेशन’. १९७२मध्ये आलेला एचपी-३५ हा खिशातला सायंटिफिक कॅल्क्युलेटर याच पद्धतीवर चालत असे.

इंजिनीअरिंगला आम्ही इन्फिक्सचे पोस्टफिक्स करण्याची गणिते ढिगाने सोडवली. यातला पोलिश माणूस कोण, हे ना पुस्तकात होते ना परीक्षेत. त्यांचे आडनाव उच्चारायला कठीण म्हणून पद्धतीला देशाचे नाव पडले, असे म्हणतात.

१ सप्टेंबर १९३९ नंतर काय झाले?

१९३९च्या उन्हाळ्यात वुकाशेविच ॲरिस्टॉटलवरच्या नव्या पुस्तकात गुंतले होते. पहिल्या भागाची प्रुफे हातात आली होती. सप्टेंबरमध्ये जर्मनीने हल्ला केला. बॉम्बहल्ल्यात छापखाना नष्ट झाला. त्याच सुमारास त्यांच्या घरावरही बॉम्ब पडला आणि सगळे ग्रंथालय, सगळी हस्तलिखिते जळून गेली. तेव्हा ते साठ वर्षांचे होते.

तार्स्की ऑगस्टमध्ये परिषदेसाठी अमेरिकेला गेले होते, म्हणून वाचले. वायसबर्ग ज्यू होते. नाझींच्या नरसंहारात त्यांचा अंत झाला. वॉर्साच्या या वर्तुळातील इतरही कित्येक जण वाचले नाहीत.

व्याप्त वॉर्सात पोलिश विद्यापीठे बंद होती. वुकाशेविच यांनी शहराच्या अभिलेखागारात नोकरी धरली आणि चोरून भरणाऱ्या विद्यापीठात शिकवले. जर्मनीतील म्युन्स्टरचे तर्कशास्त्रज्ञ हाइनरिश शोल्त्स हे त्यांचे जुने चाहते. त्यांच्याच पुढाकाराने १९३८मध्ये म्युन्स्टरने वुकाशेविच यांना मानद डॉक्टरेट दिली होती. युद्धात शोल्त्स यांनी त्यांना पैशांची मदत केली आणि शेवटी बाहेर पडण्याचा परवानाही मिळवून दिला.

जुलै १९४४मध्ये, सोव्हिएत सैन्य जवळ येत असताना, यान आणि त्यांच्या पत्नी रेगिना यांनी वॉर्सा सोडले आणि ते म्युन्स्टरला गेले. दोन आठवड्यांत वॉर्साचा उठाव पेटला आणि नंतर जर्मनांनी शहर जवळपास जमीनदोस्त केले. देश चिरडणाऱ्यांच्याच देशात आसरा घेणे वाचताना खटकते, हे खरे. पण त्यांना पुढून येणाऱ्या सोव्हिएत राजवटीचीही तेवढीच भीती होती. त्या वर्षीच्या २१ डिसेंबरला ते वॉर्सात नव्हते, आणि नंतर कधीच नव्हते.

डब्लिनमधील शेवटची दहा वर्षे

युद्धानंतर दोघे ब्रुसेल्समध्ये निर्वासित म्हणून राहिले. तिथून १९४६मध्ये आयर्लंडचे निमंत्रण आले. पंतप्रधान एमॉन डे व्हॅलेरा हे मुळात गणिताचे शिक्षक. त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेत भौतिकशास्त्रज्ञ एर्विन श्रोडिंजर आधीच काम करत होते. वुकाशेविच यांच्यासाठी रॉयल आयरिश ॲकॅडमीत गणिती तर्कशास्त्राचे प्राध्यापकपद तयार करण्यात आले.

वॉर्सात जळालेले पुस्तक त्यांनी पुन्हा लिहिले, या वेळी इंग्रजीत. १९५१मध्ये ते ऑक्सफर्डहून प्रसिद्ध झाले तेव्हा ते ७२ वर्षांचे होते. १३ फेब्रुवारी १९५६ रोजी डब्लिनमध्ये त्यांचे निधन झाले आणि तिथल्याच माउंट जेरोम दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. २०२२मध्ये त्यांचे अवशेष वॉर्साला नेऊन पोवाँस्की दफनभूमीत पुन्हा दफन करण्यात आले.

मग तळ्याच्या कोड्याचे काय?

वुकाशेविच यांचे यंत्र धूसर शब्दांना लावले ते इतरांनी. १९६५मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे लोत्फी झादेह यांनी ‘फझी सेट’ मांडले. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांचे नियम तेच : कमी गुण, जास्त गुण, १ मधून वजा. १९६९मध्ये जोसेफ गोगेन यांनी या विचाराने ढिगाचे कोडे तपासले. १९८७मध्ये जपानच्या सेंदाई शहरातील मेट्रो फझी नियंत्रणावर धावू लागली. पुढे वॉशिंग मशीनवरही ‘फझी लॉजिक’चे स्टिकर झळकले. कपडे ‘थोडे मळके’ असतील तर पाणी ‘थोडे जास्त’, हा तो हिशेब.

आता तळे. मोजायला सोपे जावे म्हणून थेंबाऐवजी घागरी घेऊ. समजा, १०,००० घागरींचे पाणी म्हणजे नक्की तळे. रिकाम्या खड्ड्याला ‘हे तळे नाही’ हे विधान पूर्ण खरे, गुण १. प्रत्येक घागरीमागे हा गुण ०.०००१ने घटतो. मग ‘इतक्या घागरींचे तळे होत नसेल, तर आणखी एकीनेही होत नाही’ या विधानाला वुकाशेविच यांच्या ‘जर-तर’च्या नियमाने मिळतात ०.९९९९. म्हणजे जवळपास खरे, पण पूर्ण नाही. आपल्याला पटते ते यामुळेच.

पण हेच विधान दहा हजार वेळा वापरले, की दर पायरीला थोडा थोडा खरेपणा गळतो. पाच हजार घागरींना अर्धा उरतो आणि शेवटी शून्य. टाकीला केसाएवढी फट असावी आणि सकाळी टाकी रिकामी सापडावी, तसे हे. कोडे रचणारा या गळतीचा हिशेब लपवतो, म्हणून आपण फसतो. मला हे उत्तर आजही देखणे वाटते.

ते पुरेसे मात्र नाही, आणि आक्षेप जोरदार आहेत. उद्या लढाई होईल किंवा होणार नाही, हे संपूर्ण विधान कोणालाही खरेच वाटेल. वुकाशेविच यांच्या नियमाने त्याला फक्त अर्धा गुण मिळतो. दुसरे उदाहरण पाहा. दोन भाऊ आहेत, दोघेही धड उंच नाहीत आणि धड बुटके नाहीत. धाकटा थोरल्यापेक्षा अर्धा इंच कमी. ‘धाकटा उंच आहे आणि थोरला उंच नाही’ असे कोणी म्हटले, तर ते निखालस खोटे आहे. कमी गुणाचा नियम लावला, तर मात्र ते जवळपास अर्धे खरे ठरते. शब्दांमधील परस्परसंबंध या गुणपत्रिकेत हरवतात.

तिसरा आक्षेप सर्वात चिवट. एखाद्या माणसाचे ‘उंच’पण ०.६२ आहे आणि ०.६३ नाही, हे ठरवले कोणी? आणि गुण पूर्ण १ वरून पहिल्यांदा खाली घसरला ती घागर कोणती? एक रेषा पुसायला गेलो आणि दुसरी ओढून बसलो. म्हणून काही तत्त्वज्ञ जुनेच तर्कशास्त्र ठेवतात आणि म्हणतात, की सीमा असते, फक्त आपल्याला ती कळत नाही. काही जण शब्द जितक्या प्रकारे काटेकोर करता येईल, त्या सगळ्या प्रकारांत जे खरे ठरते तेच खरे मानतात. तसे केले की भावांचे उदाहरण सुटते.

मात्र ‘पाऊस आहे का?’ यावर ‘आहे पण आणि नाही पण’ असे उत्तर आपण देतोच की. अशा सीमेवरच्या उदाहरणांत लोक सरळसरळ विसंगत वाटणारी वाक्येही मान्य करतात, असे २०११च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. अशा वाक्याला वुकाशेविच यांचा अर्धा गुण शून्यापेक्षा जवळचा वाटतो.

आज हे तिसरे मूल्य कुठे भेटते?

डेटाबेसमध्ये. बँका, रुग्णालये, सरकारी योजना यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या एसक्यूएल या भाषेत कोणत्याही प्रश्नाची तीन उत्तरे असतात : खरे, खोटे आणि अज्ञात. ही रचना अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लीनी यांच्या १९३८च्या त्रिमूल्य तर्कशास्त्राशी जुळते. त्यातील ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांचे तक्ते वुकाशेविच यांच्यासारखेच आहेत, फरक आहे तो ‘जर-तर’मध्ये.

समजा, एखाद्या यादीत कोणाच्या तरी वयाचा रकाना रिकामा राहिला. ‘वय १८ किंवा त्याहून जास्त’ अशी यादी काढली, तर उत्तर ‘अज्ञात’ येते आणि ते नाव वगळले जाते. ‘वय १८ किंवा जास्त नाही’ अशी यादी काढली, तरी अज्ञाताचे उलट अज्ञातच, म्हणून नाव तिथेही येत नाही. दोन्ही याद्या मिळून सगळी माणसे आली, असे मानून कार्यालय पुढचे काम सुरू करते. तो रिकामा रकाना वेगळा शोधण्यासाठी एसक्यूएलमध्ये स्वतंत्र प्रश्न विचारावा लागतो, आणि तो विचारायचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या लक्षात राहावे लागते.